न पाळलेलं मांजर

"मांजरानं फाडलं," मी म्हणालो, आणि म्हटल्याबरोबर कळलं की आता हे मागे घेता येणार नाही. ग्रंथालयाच्या देवघेवीच्या टेबलावर बसणारी मुलगी पान एकशे बारा उघडून बसली होती. मुलगी म्हणतो, पण पस्तिशीची असेल. माझ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. पान वरच्या कोपऱ्यातून तिरकं, थेट शिवणीपर्यंत फाटलेलं. तिनं आधी पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिचा चेहरा एकदम उजळला. "अय्या, तुमच्याकडे मांजर आहे? इतक्या वर्षांत कधी बोलला नाहीत! कुठल्या रंगाचं?" मी म्हणालो, "करडं." "नाव काय?" "अजून ठेवलेलं नाही." एवढं बोलून मी पुस्तक उचललं, हे मीच दुरुस्त करतो असं काहीतरी पुटपुटलो आणि तळघराच्या जिन्याकडे वळलो. पायरीपायरीला कानशिलं तापत गेली. आमच्या घरात मांजर नाही. कधीच नव्हतं. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मी उभ्या उभ्या एक मांजर जन्माला घातलं होतं, आणि तेही इतक्या सराईतपणे की माझं मलाच भय वाटलं. भित्रा माणूस खोटं बोलताना अडखळतो असा आजवर माझा समज होता. मी एरवी साधी वेळ सांगतानाही अडखळतो. मग हा सराव मला कधी झाला?

तळघरातली ती खोली म्हणजे माझी चव्वेचाळीस वर्षं. वरच्या अंगाला एक आडवी खिडकी आहे, तिच्यातून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसतात. पुस्तकं दुरुस्त करणं हे माझं काम. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण माझ्या जागी आलेलं कोणी टिकलं नाही, म्हणून सोमवार, बुधवार, शुक्रवार मी अजून येतो. टेबलावर हाडाची पट्टी, टिपकागद, वजनं, तलम कागदाची गुंडाळी आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ. दिवा तिरका करून मी ते पान पाहिलं. कागद चुकून फाटतो तेव्हा तो आपल्या मर्जीनं फाटतो, तंतू नेतील तिकडे वळत, रेंगाळत. रागानं फाडलेला कागद तंतूंना जुमानत नाही. त्याची कड पांढरी, केसाळ असते, आणि जिथे बोटांनी पकड घेतली तिथे एक चुरगळा राहतो. माझ्या हाताखाली महिनाभर काम केलेल्या कोणालाही हे दिसलं असतं. मी खळीच्या वाटीवरचं झाकण काढलं आणि परत लावलं. कुंचला ओला केला आणि पुसून ठेवला. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा एक फाटका कागद समोर होता आणि माझा हात उठत नव्हता. खिडकीतून एक बाई खडखड करत गेली, म्हणजे तिचे बूट गेले, आणि मी सवयीनं मान खाली घातली. पाय दिसले तरी मी मान खाली घालतो. हे तिला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "बघा, चोराच्या मनात चांदणं."

ती म्हणजे माझी बायको. आदल्या दिवशी, रविवारी, जेवणं झाल्यावर ती माझं पुस्तक चाळत होती. तिला वाचनाची फार आवड नाही, पण मी घरी आणलेलं प्रत्येक पुस्तक ती एकदा उलगडून झटकते. पुस्तक समुद्रातल्या दीपगृहांविषयीचं होतं. त्यातून एक चिठ्ठी पडली. देवघेवीच्या मुलीच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: पान ११२ जरूर बघा, तुम्हाला आवडेल. बायकोनं ती दोनदा वाचली. "तुम्हाला आवडेल," ती म्हणाली. "तुम्हाला काय आवडतं ते मला त्रेचाळीस वर्षांत कळलं नाही, आणि हिला कळलं." मी म्हणालो, अगं, ती सगळ्यांनाच सुचवते. खरं म्हणजे ती सगळ्यांना सुचवते की नाही हे मला माहीत नव्हतं, आणि माझ्या आवाजात ते ऐकू आलं असणार. मग तिनं माझ्याशी बोलणं बंद केलं आणि भिंतीशी बोलायला लागली. राग आला की तिचं असं होतं, मी तृतीयपुरुषी होतो. "आमच्या साहेबांना चिठ्ठ्या येतात. साहेब तळघरात बसतात. तळघरात कोण बघायला जातंय?" आवाज चढत गेला. पान एकशे बारा फाटलं, मग बशी भिंतीवर गेली, मग ती आत गेली. मी बशीचे तुकडे वेचले, फरशी पुसली, भिंतीवरचा डाग ओल्या फडक्यानं काढला. तासाभरानं ती बाहेर आली तेव्हा खोली अशी होती की जणू काही झालंच नव्हतं. तिनं चहा टाकला. दोन कप. मला वाटतं माझं लग्न मी असं सांभाळलं, आणि याचा मला आतल्या आत थोडा अभिमानही होता. लिहिताना लाज वाटते, पण होता.

घरी माझ्या कपाटात अशी अकरा पुस्तकं आहेत. एकाचं पान माझ्या मामेबहिणीनं भेट म्हणून लिहून दिलेल्या ओळींसकट टराटरा फाटलं होतं, एकाचं पुठ्ठ्याचं अंग निखळलं होतं, एकाची सोळा पानं एकदम. बायकोच्या दुपारच्या झोपेच्या वेळी मी ती दुरुस्त केली, आणि कामावर कधी केली नसतील इतकी नाजूक. तंतूला तंतू लावून, वर तलम कागदाचा पापुद्रा, त्यावर कागदाच्याच रंगाचा हलका हात. मला शिकवणारे थोरले कारागीर, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो, मला यासाठी कधीच माफ करू शकले नसते. त्यांचा एकच नियम होता. दुरुस्ती हातभर अंतरावरून दिसता कामा नये, वीतभर अंतरावरून दिसलीच पाहिजे. "पुस्तकाला काय झालं होतं हे पुढच्या माणसाला कळायला नको का रे? तू काय जादूगार आहेस?" असं म्हणून ते माझं बेमालूम काम उकलायला लावायचे. ग्रंथालयात मी हा नियम कधी मोडला नाही. घरी मी जादूगार होतो.

सोमवारी मी पान न चिकटवताच पुस्तक पिशवीत घातलं आणि घरी निघालो. ट्राममध्ये बसल्यावर आधीचा गुरुवार आठवला. त्या गुरुवारी मी बायकोला दातांच्या डॉक्टरांकडे जातो म्हणून सांगितलं होतं आणि गेलो होतो समुपदेशक बाईंकडे. पत्ता लेकीनं दिला होता. ती दुसऱ्या शहरात असते, दर रविवारी फोन करते. तीन वर्षांपूर्वी कपाची कड लागून माझी भुवई फुटली. मी तिला कपाटाचं दार लागलं असं सांगितलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, "बाबा, त्या कपाटाला लहानपणापासून ओळखते मी." यंदा मात्र तिनं स्पष्टच सांगितलं. "तुम्ही आईला पाठीशी घालता. मला वाटायचं तुम्ही मला तिच्यापासून सांभाळताय, पण तुम्ही तिच्या रागालाच सांभाळत होतात. मी भेटायला येईन, पण त्या घरात राहायला येणार नाही. आधी कुणाची तरी मदत घ्या." मी म्हणालो, या वयात? ती म्हणाली, "मग कुठल्या वयात?"

समुपदेशक बाई साठीच्या पुढच्या. खुर्चीतून उठताना दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून "आई गं" म्हणाल्या, त्यामुळे मला थोडा धीर आला. खोलीत दोन खुर्च्या माझ्या बाजूला होत्या. मी एकीवर बसलो आणि दुसरीवर पिशवी ठेवली. मी कागदावर मुद्दे लिहून नेले होते. संशय, आरडाओरडा, वस्तू फेकणे. ते वाचून दाखवल्यावर मी म्हणालो, तर यावर काही उपाय असेल तर सांगा, म्हणजे मी घरी जाऊन करीन. बाई हसल्या नाहीत, पण हसू आवरल्यासारखं काहीतरी केलं. "तुम्ही पुस्तकं दुरुस्त करता ना? इथे तसं नसतं हो. बायकोला ठेवून गेलात आणि आठवड्यानं घेऊन गेलात, असं नाही होत." मी म्हणालो, नाही, म्हणजे, हो. त्यांनी विचारलं, "भीती वाटते त्यांची?" मी म्हणालो, "तिची नाही. तिच्या रागाची वाटते." "पण राग आणि त्या एकाच घरात राहतात ना?" मी मुद्द्यांच्या कागदाची घडी घातली. "बरं, त्यांना राग येतो तेव्हा तुम्ही काय करता?" "आवरतो." "राग?" "नाही, पसारा." बाईंनी हे लिहून घेतलं. एवढ्या साध्या शब्दात लिहून घेण्यासारखं काय होतं ते मला कळेना. मग त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पुन्हा काही फेकलं गेलं आणि मला लागण्यासारखं असलं, तर घराबाहेर पडून कुठे जायचं ते आजच ठरवून ठेवायचं. आणि दुसरी, "राग त्यांचा आहे, तो आवरायला त्यांनाच शिकावं लागेल. त्यांच्या वतीनं तुम्ही शिकू शकत नाही. पुढच्या गुरुवारी चार वाजता या. ही दुसरी खुर्ची रिकामी राहिली तरी चालेल. पण ती आहे, हे त्यांना ठाऊक असायला हवं." मी पिशवी उचलून मांडीवर घेतली.

म्हणजे माझ्याकडे एक आठवडा होता आणि सांगायचं एक वाक्य होतं. मी ते पाठ केलं. सकाळी दाढी करताना आरशाला सांगितलं. पण जेवताना ती समोर बसली की ततपप व्हायचं. तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, मला वेडी ठरवायला निघालात. किंवा नुसतं बघितलं असतं, आणि तेच जास्त कठीण. कारण तिचं ते बघणं मला माहीत आहे. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात, एकदाच, तिनं मला एक गोष्ट सांगितली होती. ती नऊ वर्षांची असताना तिचे वडील घर सोडून तीन गल्ल्या पलीकडे दुसऱ्या एका बाईकडे राहायला गेले. जाताना चष्मा विसरले. दोन दिवसांनी आईनं तिला तो चष्मा देऊन पाठवलं, कारण त्याच्याशिवाय त्यांना वाचता यायचं नाही. दार त्या बाईनं उघडलं. चष्मा घेतला, "गुणाची गं," म्हणाली आणि दार लावलं. आतून वडिलांचा खोकला ऐकू येत होता. ती बराच वेळ दाराबाहेर उभी राहिली होती, कारण कोणीतरी तिला हाक मारेल असं तिला वाटत होतं. हे सांगून तिनं दिवा मालवला आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. मला वाटलं, नाजूक पान आहे, हात न लावलेला बरा. पण त्यानंतर मी कुठेही चष्मा विसरलो की तिचा चेहरा पांढरा पडायचा, आणि मी जात्याच विसरभोळा. मी मान खाली घालून वावरलो. बायकांशी बोललो नाही, कोणाच्या लग्नाकार्यात गप्पा मारल्या नाहीत. माझा लाजाळूपणा तिला लपवाछपवी वाटला, आणि आता वाटतं की तिला ते वाटणं अगदीच निराधार नव्हतं. बाई लपवत नव्हतो, पण बाकी सगळं लपवत होतो. की हेही मी स्वतःवर ओढवून घेतोय? समुपदेशक बाईंनी त्यासाठीही मला टोकलं होतं.

बुधवारी देवघेवीच्या मुलीनं मला जिन्याजवळ गाठलं. "हे तुमच्या करडूला," ती म्हणाली. तिनं परस्पर नावही ठेवून टाकलं होतं. लाल फितीला ओवलेली एक छोटी घंटी. "माझ्या मांजराची जुनी आहे. आता ते पुस्तकाकडे वळलं की वाजेल, तुम्हाला आधी कळेल." नको म्हणायची हिंमत झाली नाही. मी ती जाकिटाच्या खिशात टाकली आणि दिवसभर वाकलो की ती वाजायची. निघताना काढून टेबलाच्या खणात ठेवायची असं पक्कं ठरवलं होतं. पण मी विसरलो.

बायको घरीच कपडे उसवून, बेतून, नव्यानं शिवून देते. अल्टरेशनसाठी निम्मा मोहल्ला तिच्याकडे येतो. कोणताही कपडा मशीनवर घ्यायच्या आधी ती खिसे रिकामे करते. तिच्या धंद्यातली ती पहिली पायरी, संशयाशी तिचा संबंध नाही, निदान गिऱ्हाइकांच्या बाबतीत तरी नाही. संध्याकाळी तिनं माझ्या जाकिटाचं फाटलेलं अस्तर शिवायला घेतलं. मी खिडकीशी बसलो होतो. आधी किणकिण ऐकू आली, मग शांतता. मी वळून पाहिलं नाही. मला पाठीनं दिसत होतं.

"साहेबांना विचारा," ती मशीनला म्हणाली, "ही कोणाच्या गळ्यात बांधायची."

"अगं, ते..."

"लाल फीत. हौस आहे. या वयात घंट्या! कोणी दिली म्हणावं साहेबांना?"

"ग्रंथालयातल्या मुलीनं," मी म्हणालो. खरं बोललो आणि ते सगळ्यात वाईट होतं. तिचा हात शेजारच्या बटणांच्या डब्यावर गेला. पत्र्याचा डबा, मूठमूठ बटणं. तो माझ्या डोक्यावरून गेला, भिंतीवर आदळला आणि बटणं सगळ्या खोलीभर पसरली. काही कपाटाखाली गेली, एक पांढरं बटण स्वतःभोवती फिरत फिरत माझ्या बुटापाशी येऊन पडलं. मी खुर्चीतून उठलो. गुडघे आपोआप वाकायला लागले. आणि मला "पसारा" हा शब्द ऐकू आला, माझ्याच आवाजात, त्या बाईंच्या वहीत लिहिला जाताना. मी वाकलो नाही. एवढीच काय ती मी आयुष्यात केलेली बंडखोरी. बटणांच्या मधोमध नुसता उभा राहिलो. कुठे जायचं ते ठरवून ठेवलं होतं, कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानदाराला सांगून ठेवलं होतं, जाकीट मात्र तिच्या हातात होतं. दाराकडे बघितलं. मग म्हणालो, "ती मांजरासाठी आहे."

"कुठल्या मांजरासाठी?"

"आपल्या."

पहिल्यांदाच तिनं भिंतीकडून माझ्याकडे नजर वळवली. "आपल्याकडे मांजर कुठाय?"

"नाही. तिनं विचारलं पान कसं फाटलं. मी म्हटलं, मांजरानं फाडलं. म्हणून तिनं घंटी दिली. मांजराला."

रस्त्यावरून एक ट्राम गेली. ती गेल्यावरही खिडकीची काच बराच वेळ थरथरत होती. बायकोच्या हातात घंटी होती. ती वाजू नये म्हणून तिनं मूठ मिटली. "म्हणजे मांजर मी," ती म्हणाली. मी बुटापाशी पडलेल्या बटणाकडे पाहिलं. "काय रंगाचं सांगितलंत?"

"करडं."

"करडं!" तिचा हात केसांकडे गेला. तिच्या तोंडून जे निघालं ते हसू आहे की रडू आहे हे मला कळलं नाही, तिलाही कळलं नसावं. ती मशीनच्या स्टुलावर बसली आणि खांदे हलायला लागले. "अहो, निदान पांढरं तरी सांगायचं." आणि मग खरंच रडली. मी तिला त्रेचाळीस वर्षांत ओरडताना खूपदा पाहिलं होतं, रडताना फार कमी.

मग मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. कपाटातून ती अकरा पुस्तकं काढली आणि तिच्यासमोर मशीनच्या फळीवर ठेवली. मशीनचा छोटा दिवा तिरका केला. सपाट उजेडात माझी दुरुस्ती कोणाला दिसत नाही, पण उजेड आडवा पडला की कागद सगळं सांगतो. एकेक पान उघडत गेलो. तिरक्या रेघा, चुरगळे, सोळा पानांवरून गेलेली एकच भेग. शिवणाऱ्या बाईचं बोट, तिला डोळ्यांपेक्षा बोटानं जास्त कळतं. तिनं रेघेवरून बोट फिरवलं. "हे मी?" "हो." "हे पण?" "हो." पाचव्या की सहाव्या पुस्तकानंतर तिनं हात मागे घेतला. "मला वाटायचं फार काही झालं नसणार. दुसऱ्या दिवशी बघायचे तर पुस्तक जागेवर. एकदा उघडूनही पाहिलं होतं मुद्दाम, पान धड होतं. म्हटलं, आपलाच भ्रम, नुसतं ओढलं असेल, फाडलं नसेल. दर वेळी वाटायचं, आपण दिसतो तेवढ्या वाईट नाही." मग तिचा आवाज चढला, पण हा राग वेगळा होता, थेट माझ्या तोंडावर, द्वितीयपुरुषी. "तुम्ही मला कळूच दिलं नाहीत! फसवलंत!" मी म्हणालो, "हो." काका असते तर त्यांनी अकराच्या अकरा उकलायला लावली असती.

दुसरं खोटं त्यामानानं सोपं गेलं. दातांच्या डॉक्टरांकडे गेलोच नव्हतो हे सांगितलं. उद्याचे चार, दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवर माझी पिशवी. तिची मान ताठ झाली. "बाई आहे?" "हो." "वय?" "आपल्याएवढीच असेल. गुडघे दुखतात तिचे." "एका भेटीत गुडघ्यांपर्यंत पोचलात!" हे ती चिडून म्हणाली, शप्पथ, चिडूनच म्हणाली. पण शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर तिलाच ते ऐकू आले आणि तिनं पदर तोंडावर धरला. मी हसलो नाही. मला अजून धीर नव्हता. मग ती स्टुलावरून हळूहळू खाली उतरली, फरशीवर बसली आणि बटणं गोळा करायला लागली. एकेक, रंगारंगानं. मी मदतीला वाकणार तोच म्हणाली, "राहू द्या. माझी आहेत." तिला अर्धा तास लागला. मी खुर्चीत बसून ते पाहिलं, आणि इतकं अवघड काम मी तळघरातही कधी केलं नव्हतं. कपाटाखालचं शेवटचं बटण फूटपट्टीनं ओढून काढताना, माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "त्या पानावर होतं तरी काय?"

अकरा पुस्तकांत मिळून तिनं हे कधी विचारलं नव्हतं. मी पिशवीतून दीपगृहांचं पुस्तक काढलं, फाटलेली कड कडेला जुळवली आणि वाचून दाखवलं. एका दूरच्या खडकावर दोन रखवालदार होते. काहीतरी बिनसलं आणि अख्खा हिवाळा ते एकमेकांशी बोलले नाहीत. जे सांगायचं ते चिठ्ठीवर लिहून दिव्याच्या काचेला चिकटवायचे. तेल भर. वारा फिरलाय. वसंतात बोट आली तेव्हा काचेवर इतक्या चिठ्ठ्या होत्या, की खलाशांना उजेड अर्धाच दिसत होता. "आणि मग?" तिनं विचारलं. मी म्हणालो, मग पान संपतं. "एकशे तेरावर काय आहे?" मी समोरच्या पानावर बोट ठेवलं. एकशे तेरावर दुसऱ्याच दीपगृहाचा नकाशा होता. "म्हणजे तुमची ती मुलगी तुम्हाला हे आवडेल म्हणाली," ती म्हणाली, "कारण तुम्ही पण तसलेच. न बोलणारे." मग शेवटचं बटण डब्यात टाकत, "तिनं बरोबर ओळखलं." त्यात काटा होता, पण त्या काट्यानं रक्त आलं नाही.

गुरुवारी सकाळी आम्ही ते पान चिकटवलं. तिनं कड धरली, मी खळ लावली. तिचे हात माझ्यापेक्षा स्थिर आहेत, हे मला माहीतच नव्हतं. तलम कागदाचा पापुद्रा बसवून वर वजन ठेवलं, तासाभरानं उचललं. तिनं पान वीतभर अंतरावर धरलं. "जरा दिसतंय." मी म्हणालो, "दिसू दे." उद्या हे पुस्तक ती स्वतः देवघेवीच्या टेबलावर नेऊन देणार आहे. तिथे काय बोलणार ते सांगत नाही. मला धाकधूक आहे.

ट्राममध्ये गर्दी होती. एक बाई मला बघून उठली आणि तिनं आपली जागा मला दिली. मी बसलो आणि बायकोच्या कपाळावरची ती शीर उभी राहिली. "ती का उठली तुमच्यासाठी?" दबक्या, धारदार आवाजात तिनं विचारलं. मी म्हणालो, "म्हातारा दिसतो म्हणून." तिनं पर्समध्ये हात घातला आणि मूठ मिटून दोन थांबे जाईपर्यंत तशीच उभी राहिली. तिसऱ्या थांब्यावर श्वास सोडला. मूठ उघडली तेव्हा आत एक अगदी बारीक किणकिण झाली. मी उठलो आणि तिला जागा दिली. ती बसली.

प्रतीक्षेच्या खोलीत घड्याळ चाराच्या पुढे दोन मिनिटं होतं. ती भिंतीवरची चित्रं बघत होती, मी तिच्या चपला बघत होतो. मला वाटत होतं, आता उठून निघून जाईल, आणि तिला तसं वाटत असेल तर तेही बरोबरच असेल, आणि आपण तिला इथे आणून चूक तर केली नाही? दार उघडलं. समुपदेशक बाई दोन्ही हातांनी गुडघे सावरत उभ्या होत्या. आमच्याकडे आळीपाळीनं पाहत म्हणाल्या, "दोघंही आलात, छान. पहिल्यांदा मी एकेकट्याशी थोडं बोलते. कोण आधी येतंय?"

मी उठायला लागलो. एवढ्या वर्षांची सवय, तिच्या आधी जाऊन सगळं सारवून ठेवायची. तिनं माझ्या बाहीला धरून मला खाली बसवलं, आपला चष्मा नीट केला आणि पर्स खांद्याला लावली. आतली घंटी वाजली.

"मांजर आधी," ती मला म्हणाली, आणि आत गेली.